दोन महासागर, पाच वाटा : पनामा कालवा तिथेच का झाला?



भूगोलाच्या पुस्तकात पनामा कालवा एका ओळीत येतो. ‘अटलांटिक व पॅसिफिक महासागरांना जोडणारा कालवा’ आणि पुढे ‘१९१४’. मुलं पाठ करतात, रिकाम्या जागा भरतात, एक गुण मिळतो. पण नकाशा समोर ठेवून एकच प्रश्न विचारा : ‘कालवा इथेच का? वर मेक्सिकोत का नाही, खाली कोलंबियात का नाही?’ वर्गात शांतता पसरते. मग कोणीतरी हमखास म्हणतं, ‘सर, तिथे जमीन सगळ्यात अरुंद असेल.’

उत्तर तर्काला धरून आहे, पण चूक आहे. जमीन सगळ्यात अरुंद आहे ती जागा आजच्या कालव्याच्या पूर्वेला आहे, आणि तिथे आजपर्यंत कोणाला कालवा खोदता आलेला नाही. हे उत्तर चुकीचं का, हे समजून घेताना उंची, पाणी, माती, रोगराई, पैसा आणि राजकारण हे सगळे विषय एकाच धड्यात येतात. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मुलांना तर हा धडा लवकर कळेल, कारण त्याच्या मुळाशी धरणातल्या पाण्याचा प्रश्न आहे.

कालवा हवाच कशाला होता?

उत्तर आणि दक्षिण अमेरिका हे दोन खंड एका चिंचोळ्या जमिनीनं जोडलेले आहेत. अशा जमिनीला भूगोलात संयोगभूमी म्हणतात. कालवा नव्हता तेव्हा न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या जहाजाला अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा घालून, केप हॉर्नच्या वादळी समुद्रातून जावं लागे. हा प्रवास सुमारे २२,००० किलोमीटरचा. मधून वाट मिळाली तर तोच प्रवास १०,००० किलोमीटरच्या आत येतो. म्हणजे निम्म्याहून जास्त वाचला.

त्यामुळे ही कल्पना फार जुनी आहे. १५१३ मध्ये बाल्बोआ हा स्पॅनिश माणूस डेरियनचं जंगल ओलांडून पॅसिफिकच्या किनाऱ्याला पोचला. त्यानंतर वीस-एकवीस वर्षांतच, १५३४ मध्ये, स्पेनच्या राजानं पनामातून जलमार्ग काढता येईल का, याची पाहणी करायला सांगितलं. तिथल्या अधिकाऱ्यानं हे काम अशक्य असल्याचं कळवलं. पुढे १८११ च्या सुमारास हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञानं दोन महासागर जोडण्याच्या तब्बल नऊ संभाव्य जागांची यादी दिली. प्रत्यक्ष कालवा उघडला तो १९१४ मध्ये. मधली शंभर वर्षं ‘कोणती वाट चांगली?’ या प्रश्नावरच गेली.

आधी बालाघाट समजून घेऊ

वाटांची तुलना करण्याआधी मुलांना एक शब्द पक्का करून द्यावा : जलविभाजक. त्यासाठी परदेशात जायला नको.

बीडहून सोलापूरच्या दिशेनं निघालं की मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. ती बालाघाटची डोंगररांग. या रांगेच्या उत्तरेला पडलेला पाऊस बिंदुसरा, सिंदफणा असं करत गोदावरीला मिळतो. तिकडे आष्टीच्या बाजूला पडलेला पाऊस सीनेत जातो, सीनेतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत. एकाच डोंगरावर, थोड्याशा अंतरावर पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या नद्यांचे होतात. हे वाटप करणारी जी उंच रेषा, तोच जलविभाजक. सह्याद्री हा याहून मोठा जलविभाजक. त्याच्या पश्चिमेचं पाणी अरबी समुद्राला जातं, पूर्वेचं बंगालच्या उपसागराला.

मध्य अमेरिकेतही असाच कणा आहे. एका उताराचं पाणी अटलांटिककडे (तिथे त्याला कॅरिबियन समुद्र म्हणतात), दुसऱ्या उताराचं पॅसिफिककडे. दोन महासागर जोडायचे तर जहाजाला हा कणा ओलांडावाच लागणार. एसटी घाट चढते, जहाज चढत नाही. मग तीनच मार्ग उरतात : डोंगर समुद्रसपाटीपर्यंत कापायचा, डोंगराखालून बोगदा काढायचा, किंवा पाण्याचा जिना बांधून जहाजाला वर चढवायचं आणि पलीकडे उतरवायचं. त्यामुळे वाट निवडताना ‘जमीन किती रुंद?’ याआधी ‘कणा कुठे सगळ्यात बुटका?’ हे पाहावं लागतं.

पाच उमेदवार

आता नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे येऊ.

१) तेहुआंतेपेक (मेक्सिको). अमेरिकेच्या बंदरांना ही वाट सगळ्यात जवळची. पण जमीन सुमारे २०० किलोमीटर रुंद आणि खिंड २०० मीटरहून उंच. इथे कालवा नको, आगगाडीच करू, असा विचार झाला. जेम्स ईड्स या नामांकित अमेरिकन अभियंत्यानं तर १८८० च्या सुमारास सबंध जहाजच रुळांवरच्या प्रचंड गाड्यावर चढवून इंजिनांनी ओढत न्यायची योजना मांडली. ती कागदावरच राहिली. १९०७ मध्ये इथे साधी मालवाहू रेल्वे सुरू झाली. जहाजातून माल उतरवा, गाडीत भरा, पलीकडे पुन्हा जहाजात चढवा, असा तिचा कारभार होता.

२) निकाराग्वा. कागदावर पाहिलं तर ही सगळ्यात देखणी वाट. इथे निकाराग्वा सरोवर आहे, ८,००० चौरस किलोमीटरहून मोठं. बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण १०,७०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली आहे असं समजा. सरोवराचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ३२ मीटर उंचीवर. त्यातून सान हुआन नदी निघून अटलांटिकला जाते. दुसऱ्या बाजूला सरोवर आणि पॅसिफिक यांच्यामध्ये जेमतेम २० किलोमीटरची पट्टी, आणि तिथला कणा समुद्रसपाटीपासून फक्त ४७ मीटरच्या आसपास उंच. निसर्गानं अर्धा कालवा आयता दिलेला! १८४९ नंतर कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी पसरली, तेव्हा हजारो माणसं याच वाटेनं गेली : नदीतून बोट, सरोवरातून आगबोट, शेवटचा टप्पा खेचरं आणि घोडागाड्या. तोटे दोन. एकूण मार्ग ३०० किलोमीटरच्या जवळपास, आणि अटलांटिकच्या टोकाचं बंदर गाळानं भरत चाललेलं.

३) पनामा. लांबी सुमारे ८० किलोमीटर. कणा कुलेब्रा इथे साधारण १०० मीटर उंच, म्हणजे निकाराग्वाच्या दुप्पट. जमेची बाजू अशी की १८५५ पासून इथे एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत रेल्वे होती. माणसं, यंत्रं, माती वाहायची सोय तयार. अडचण चाग्रेस नदीची. ठरलेल्या मार्गाला ती पुन्हा पुन्हा आडवी येत होती आणि पावसाळ्यात एका रात्रीत काही मीटर चढत होती.

४) सान ब्लास आणि डेरियन. मुलांनी सांगितलेली ‘सगळ्यात अरुंद जागा’ ती ही. सान ब्लासला दोन किनाऱ्यांतलं अंतर फक्त ५० किलोमीटरच्या आसपास. पण मध्ये उंच डोंगर, त्यामुळे कित्येक किलोमीटरचा, जहाज जाईल एवढा बोगदा खोदावा लागणार. शेजारच्या डेरियनबद्दल काही प्रवाशांनी ‘इथे खिंड अगदी बुटकी आहे’ असं छापून टाकलं होतं. त्या भरवशावर १८५४ मध्ये लेफ्टनंट आयझॅक स्ट्रेन यांची अमेरिकन तुकडी जंगलात शिरली. सांगितलेली खिंड तिथे नव्हतीच. तुकडी वाट चुकली, काही माणसं उपासमारीनं मेली. कोणी मोजमाप न करता लिहिलेल्या एका आकड्याची ही किंमत होती.

५) अत्रातो (कोलंबिया). अत्रातो ही मोठी, संथ नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत येते. तिच्या उपनद्यांतून पॅसिफिककडे वाट काढता येईल असा विचार होता. नदीमुळे बराच मार्ग तयार मिळत होता, पण मध्ये दलदल, मुखाशी गाळ आणि शेवटी डोंगर होताच.

ही यादी फळ्यावर लिहून मुलांना आधी मत द्यायला सांगावं. उत्तर नंतर सांगायचं.

सुएझचा विजय पनामात कामाला आला नाही

१८७९ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते फर्दिनांद द लेसेप्स, वय ७३. दहा वर्षांपूर्वी, १८६९ मध्ये, त्यांनी सुएझ कालवा पुरा केला होता. त्या कालव्यानं मुंबई आणि लंडन यांच्यामधलं अंतर हजारो किलोमीटरनं कमी केलं, त्यामुळे त्यांचं नाव आपल्याकडेही गाजलेलं. लेसेप्स अभियंता नव्हते. ते मुत्सद्दी होते, माणसं आणि पैसा जमवणारे.

त्यांचं म्हणणं साधं होतं : सुएझसारखाच सरळ, समुद्रसपाटीचा कालवा, आणि तो पनामात. पण सुएझला सपाट, कोरडं वाळवंट होतं. डोंगर नाही, पुराची नदी नाही, पाऊस जवळपास नाही. पनामात हे तिन्ही होतं. परिषदेत गोदें द लेपिने नावाचे एक फ्रेंच अभियंता उठले. त्यांनी स्वतः मेक्सिकोत काम केलेलं होतं. ते म्हणाले, डोंगर समुद्रसपाटीपर्यंत कापू नका. चाग्रेस नदीला धरण बांधा, वर तलाव करा आणि दोन्ही बाजूंनी जिन्यासारखे लॉक बांधून जहाजं तलावात चढवा. परिषदेनं ऐकलं नाही. समुद्रसपाटीच्या पनामा कालव्याच्या बाजूनं ७४ मतं पडली, विरोधात ८. बाकीच्यांनी मतदान टाळलं किंवा ते हजर नव्हते.

पुढे काय झालं, ते जगाला माहीत आहे. १८८१ मध्ये काम सुरू झालं. कुलेब्राची माती जितकी खोदावी तितकी बाजूच्या दरडी खाली येत. चाग्रेसच्या पुरानं केलेलं काम बुडवलं. हिवताप आणि पीतज्वरानं माणसं पटापट मेली. साधारण २२,००० जण गेले असं मानलं जातं. १८८९ मध्ये कंपनी बुडाली, आणि फ्रान्समधल्या लाखो साध्या माणसांची बचत तिच्याबरोबर बुडाली.

मुलांशी बोलताना यातली एक गोष्ट आवर्जून सांगावी. लेसेप्स मूर्ख नव्हते. एका जागी यशस्वी झालेला उपाय त्यांनी दुसऱ्या जागी, ती जागा नीट न पाहता, जसाच्या तसा लावला. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. काळ्या रानाचं पीक मुरमाड रानात येत नाही, हे आपल्या घरातली मोठी माणसं रोज सांगतात.

निकाराग्वा जिंकत आलं होतं, मग हरलं कसं?

फ्रेंच हरल्यावर अमेरिकन सरकार पुढे आलं. त्यांचा कल निकाराग्वाकडे होता. १८७० च्या दशकातल्या सरकारी पाहणीनं निकाराग्वाचीच शिफारस केली होती. १९०१ मध्ये नव्या आयोगानंही तेच सांगितलं. आयोगाचे आकडे गणिताच्या तासालाही वापरता येतील.

निकाराग्वात बांधायचा खर्च सुमारे १८.९९ कोटी डॉलर. पनामात उरलेलं काम पुरं करायला १४.४२ कोटी डॉलर. म्हणजे बांधकाम पनामातच स्वस्त! पण फ्रेंच कंपनी आपली यंत्रं, रेल्वे, खोदलेला भाग आणि हक्क यांचे १०.९ कोटी डॉलर मागत होती. बेरीज करा : २५.३ कोटी. त्यामुळे निकाराग्वा पुढे.

आयोगाचा निर्णय बाहेर पडताच फ्रेंच कंपनी घाबरली. अमेरिकेनं पाठ फिरवली तर हातात गंजलेली यंत्रं उरणार. तिनं किंमत एकदम ४ कोटींवर आणली. आता पनामाची बेरीज १८.४ कोटी. निकाराग्वापेक्षा कमी! जानेवारी १९०२ मध्ये आयोगानं शिफारस बदलली. डोंगर तोच, नदी तीच, फक्त एक आकडा बदलला होता.

खर्चाशिवाय वेळेचा हिशेबही होता. आयोगाच्या अंदाजानं पनामा ओलांडायला १२ तास लागणार होते, निकाराग्वा ओलांडायला ३३ तास. रोजचं येणं-जाणं असलेल्या वाटेवर हा फरक कायमचा भोवला असता.

मग राजकारण. फ्रेंच कंपनीच्या बाजूनं फिलिप ब्युनो-व्हारिया नावाचा हुशार माणूस अमेरिकेत प्रचार करत होता. निकाराग्वात ज्वालामुखी आहेत, हे तो सगळ्यांना सांगत फिरे. ८ मे १९०२ रोजी कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर पेले ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सुमारे ३०,००० माणसं मेली. हे बेट निकाराग्वापासून पुष्कळ लांब, पण वातावरण तापलं. निकाराग्वाच्या एका टपाल तिकिटावर मोमोतोंबो ज्वालामुखीचं चित्र होतं. ब्युनो-व्हारियानं ती तिकिटं गोळा करून एकेका सिनेटरला पाठवली. १९ जून १९०२ रोजी सिनेटनं ४२ विरुद्ध ३४ मतांनी पनामाच्या बाजूनं कौल दिला.

तिकिटाची गोष्ट मुलांना फार आवडते, आणि ‘एका तिकिटानं कालवा हलवला’ असं सांगायचा मोह आपल्यालाही होतो. पण तेवढंच सांगू नये. किंमत उतरली नसती, रेल्वे तयार नसती, वेळ वाचत नसता, तर एकट्या तिकिटानं काही झालं नसतं. तेव्हा पनामा कोलंबियाचा भाग होता. कोलंबियाशी करार जमला नाही, तेव्हा नोव्हेंबर १९०३ मध्ये अमेरिकेच्या पाठबळावर पनामा वेगळा देश झाला आणि कालव्याच्या पट्ट्याचा ताबा अमेरिकेला मिळाला. तो ताबा १९९९ च्या शेवटी पूर्णपणे पनामाकडे परत आला.

डास आणि सिकंदराबाद

वाट ठरली, पण रोगराई तशीच होती. फ्रेंचांच्या काळात रुग्णालयातल्या खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्याच वाट्यांत डास वाढत होते, आणि रोग डासांमुळे पसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळलं मधल्या काळात. रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादला. तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेलं आपलं बीड आणि त्याच संस्थानातली सिकंदराबादची छावणी. म्हणजे पनामाचा कुलूपबंद दरवाजा उघडणारी एक किल्ली आपल्याच मुलखात सापडली. पीतज्वर डासामुळे होतो हे क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच सुचवलं होतं, आणि १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकानं ते सिद्ध केलं. मग पनामात डॉ. विल्यम गोर्गस यांनी डबकी बुजवली, पाण्याच्या टाक्या झाकल्या, घरांना जाळ्या लावल्या, धुरी दिली. दोनेक वर्षांत पीतज्वर हटला. आशाताई दर आठवड्याला ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणून सांगतात, ते याच जातीचं काम. पीतज्वराचा डास आणि आपल्या डेंग्यूचा डास एकच आहे, हे मुलांना जरूर सांगा.

तरीही अमेरिकन काळात ५,६०० च्या आसपास माणसं मेली. त्यांत बहुतेक बार्बाडोस आणि आसपासच्या बेटांवरून कामाला आलेले काळे मजूर होते. त्यांना पगार कमी, राहायच्या जागा वेगळ्या. घरदार सोडून लांब मजुरीला जाणं म्हणजे काय, हे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या लेकरांना कोणी समजावून द्यायची गरज नाही. पुस्तकात ‘अमेरिकेने कालवा बांधला’ असं वाक्य असतं. ‘बांधला कोणी?’ हा प्रश्न त्याला जोडून विचारावा.

पाण्याचा जिना

१९०६ मध्ये पुन्हा तोच वाद : समुद्रसपाटीचा कालवा की लॉकचा? सल्लागार अभियंत्यांच्या मंडळात ८ जण समुद्रसपाटीच्या बाजूनं, ५ लॉकच्या. पण मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स यांनी पनामाचा पावसाळा आणि चाग्रेसचा पूर स्वतः पाहिला होता. त्यांनी लॉकचा आग्रह धरला आणि सरकारनं तो मानला. लेपिने यांनी १८७९ मध्ये सांगितलेली गोष्ट सत्तावीस वर्षांनी पटली.

रचना अशी. चाग्रेस नदीवर गातून इथे मातीचं मोठं धरण. त्यामागे सुमारे ४२५ चौरस किलोमीटरचा तलाव, समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंच. जहाज एका समुद्रातून येतं, तीन पायऱ्यांचे लॉक चढून तलावात पोचतं, तलावातून आणि कुलेब्राच्या खोदलेल्या खिंडीतून जातं, आणि तीन पायऱ्या उतरून दुसऱ्या समुद्रात. लॉक म्हणजे दोन दरवाजांची सिमेंटची मोठी हौद. जहाज आत आलं की मागचा दरवाजा बंद, वरच्या तलावातलं पाणी आत सोडायचं, पाण्याबरोबर जहाज वर. पंप नाही. पाणी आपल्या उतारानंच येतं.

आधी जी नदी शत्रू होती, तिचाच पूर आता तलावात साठू लागला. पनामाचा उंच कणा कमी कापावा लागला, कारण पाणीच वर आणलं. १५ ऑगस्ट १९१४ रोजी ‘अँकॉन’ हे जहाज कालव्यातून पार झालं.

पण तलावाखाली काय गेलं? चाग्रेसच्या काठची जुनी गावं, रेल्वेच्या कडेच्या वस्त्या. १९१२ च्या आदेशानं कालव्याच्या पट्ट्यातली आणखी गावं उठवली. जायकवाडीत, माजलगावात ज्यांची गावं गेली, त्यांच्या नातवंडांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

एका जहाजामागे किती टँकर?

आता खरा हिशेब. जुन्या लॉकमधून एक जहाज पार व्हायला सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी लागतं, आणि ते समुद्रात जातं. आपला टँकर १०,००० लिटरचा धरला तर एका जहाजामागे २०,००० टँकर. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. म्हणजे एक टीएमसीत साधारण १४१ जहाजं. दिवसाला ३६ जहाजं जातात असं धरलं, आणि सगळी जुन्या लॉकमधून नेली, तर एक टीएमसी चार दिवसांत संपतं. २०१६ मध्ये मोठ्या जहाजांसाठी नवे लॉक सुरू झाले. त्यांच्या शेजारच्या टाक्यांमुळे सुमारे ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येतं.

हे पाणी येतं फक्त पावसातून. आणि याच तलावातून पनामा शहर आणि कोलोन शहराला पिण्याचं पाणीही जातं. २०२३ मध्ये तिथे पाऊस कमी झाला. तलाव उतरला. रोज ३६ च्या आसपास जाणारी जहाजं टप्प्याटप्प्यानं कमी करत डिसेंबरात २२ वर आणली. बाकीची समुद्रात रांगेत उभी. त्याच वर्षी मराठवाड्यातही पावसानं ओढ दिली होती. पाण्याच्या रांगेत उभं राहणं काय असतं, हे आपल्याला माहीत आहे. तिथे घागरींऐवजी जहाजं उभी होती.

आता उपाय म्हणून शेजारच्या रिओ इंदिओ नदीवर नवं धरण बांधायची योजना आहे. त्यात सुमारे २,००० लोकांना आपली घरं-शेतं सोडावी लागतील, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण विरोध करत आहेत. कालव्याला पाणी हवं, शहराला पाणी हवं, आणि ज्यांच्या शिवारात धरण होणार त्यांना शिवार हवं. यातल्या कोणाचंही म्हणणं खोटं नाही.

बाकीच्या वाटांचं काय झालं?

त्या मेल्या नाहीत. १९६० च्या दशकात अमेरिकेनं डेरियन आणि अत्रातोच्या वाटेवर अणुस्फोटांनी समुद्रसपाटीचा कालवा खणता येईल का, याचा अभ्यास केला. १९७० मध्ये आयोगानं अणुस्फोटाचा मार्ग बाजूला ठेवला. निकाराग्वानं २०१३ मध्ये एका चिनी कंपनीला कालव्याचा परवाना दिला, ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या ते रस्त्यावर उतरले, आणि २०२४ मध्ये परवाना रद्द झाला. मेक्सिकोनं २०२३ च्या अखेरीस तेहुआंतेपेकची रेल्वे नव्यानं सुरू केली. पनामाचा तलाव उतरला की या जुन्या वाटांची आठवण जगाला पुन्हा होते.

वर्गात काय करता येईल?

१) पाच गट करा, प्रत्येक गटाला एक वाट द्या. गटानं आपल्या वाटेची बाजू मांडायची : लांबी, कण्याची उंची, नदी किंवा सरोवर, गाळ, आधीपासूनची सोय. मग मतदान. मुलं शक्यतो निकाराग्वा निवडतील. त्यांना चूक ठरवू नका. १९०१ च्या आयोगानंही तेच निवडलं होतं. कारणं विचारा.

२) आयोगाचे खर्चाचे आकडे देऊन बेरीज करून घ्या. फ्रेंच कंपनीनं किंमत किती कोटींपर्यंत उतरवली असती तरी पनामा स्वस्त पडला असता? (१८.९९ मधून १४.४२ वजा करा.)

३) नकाशात पनामा कालव्याची दिशा बघायला सांगा. अटलांटिकचं टोक पॅसिफिकच्या टोकाच्या पश्चिमेला आहे! कालवा पूर्व-पश्चिम नसून वायव्येकडून आग्नेयेकडे जातो. पाठ केलेलं ज्ञान आणि पाहिलेला नकाशा यांतला फरक इथे कळतो.

४) दोन प्लास्टिकच्या बाटल्या आणि एक नळी घेऊन लॉकचं पाणी उतारानं कसं भरतं, ते दाखवता येतं. कागदाची होडी सोडा. खर्च शून्य.

५) आठवी-नववीच्या मुलांना आपल्या देशातलं उदाहरण शोधायला द्या : भारत आणि श्रीलंका यांच्यामधला सेतुसमुद्रम् प्रकल्प. २००५ मध्ये काम सुरू झालं, नंतर थांबलं. तिथेही अनेक मार्गांची तुलना झाली, आणि पर्यावरणाचा अभ्यास आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनं केला होता. तिथे अडचण डोंगराची नाही, उथळ समुद्र आणि वाळूची आहे. निकष बदलले की उत्तर कसं बदलतं, हे मुलांना दिसेल.

६) पालकांसाठी : गावातला रस्ता, पाझर तलाव किंवा पाइपलाइन अमुक ठिकाणाहूनच का गेली, हे घरातल्या मोठ्यांना विचारायला मुलांना सांगा. ‘जवळ पडत होतं’ एवढ्यावर थांबू नका. उंची, पाणी, जमीन कोणाची, पैसा कोणाचा, हे चार प्रश्न विचारायला लावा.

परीक्षेत पनामा कालव्यावर एक गुणाचाच प्रश्न येईल, आणि मुलं त्याचं उत्तर आधीसारखंच लिहितील. पण उद्या यांच्यातलाच कोणी ग्रामसभेत बसेल, कोणी अभियंता होईल, कोणाच्या शेतातून नवी वाट जाणार असेल. तेव्हा नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ पाहिल्यावर त्यानं हे विचारायला हवं : ‘इथे उंची किती? पाणी कुठून येणार? आणि या रेघेखाली कोणाचं घर आहे?’